गाव सुटल्याचा कडू घास

शिरूरच्या एसटी स्टँडवर माझी ट्रंक टपावर चढली आणि वडील खिडकीखाली येऊन उभे राहिले. मिशनच्या मुलींच्या शाळेत अर्धे आयुष्य शिकवून, चाळिशी उलटल्यावर मी दौंडला निघाले होते, आणि तेही शिकवण्यासाठी नव्हे. "तोंड उघडत जा गं जरा," ते म्हणाले. "रेल्वेचं गाव आहे ते. न बोलणाऱ्याला तिथं कोण विचारतं?" मी मान हलवली, बोलले नाहीच.

शिरूरला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या दौंडला येऊन रुळलेल्यांनो, माझे नवे काम मला तेव्हा नीट सांगता आले नव्हते. दौंडच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी थोडे शिक्षण देऊन मला वृद्धांसाठी नेमले होते. ज्यांचे मन खचले आहे, ज्यांची अन्नावरची वासना उडाली आहे, त्यांच्या घरी दर आठवड्याला जायचे, त्यांना बोलते करायचे, उपदेश मात्र टाळायचा. कंपाउंडर हसे. "बाई, तुमचं औषध भारी. बाटली नाही की बूच नाही!"

माझ्या पहिल्या रुग्ण ठकूमावशी. त्यांचा मुलगा बाळू रेल्वेच्या यार्डात डबे जोडण्या-सोडण्याच्या कामावर, शंटिंगला होता. वडील वारल्यावर त्याने इनामगावचे घर मोडले, गाय विकली आणि आईला आपल्या क्वार्टरमध्ये आणले. तेव्हापासून मावशी भिंतीकडे तोंड करून पडून असत. "दोन घोट च्या घेत्यात, बास," सून दारातच कुजबुजली. "असंच चाललं तर दिवाळी काय दिसत न्हाई."

मी शिकवल्याप्रमाणे सारे केले. खाटेच्या कडेला टेकले, रिकामे हात मांडीवर ठेवले, हलक्या आवाजात विचारले, "मावशी, कसं वाटतंय?"

त्या धडपडत उठून बसल्या. "कोन गेलं? माझा बाळू? यार्डात काय झालं?"

आमच्याकडे हातातले काम टाकून कोणी बाई अशी शेजारी येऊन बसते, ती केवळ सुतकाच्या घरी. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. नव्या विद्येच्या भरात ते डोक्यातून पार गेले होते. "कुणी गेलं नाही हो! बाळू सुखरूप आहे," मी घाईने म्हणाले. सुनेनेही शपथ घेतली.

मावशींचा जीव भांड्यात पडला. "मंग अशा का बसलाय, बाई? मालक गेलं तवा समदा गाव भेटाया आला. आन् माझं गाव सुटलं, तवा कोन आलं?"

माझ्यासारख्या भिडस्त बाईच्या तोंडून पुढचे वाक्य कसे निघाले, कोण जाणे. "मी त्यासाठीच आलेय, असं समजा. सांगा."

मग भेटायला आलेल्यांना सांगतात तसे त्या अगदी आरंभापासून सांगू लागल्या. घोड नदीच्या वाळूतली कलिंगडे, दारचा निंब, आणि दुसऱ्याच्या हाती दावे जाताना वळून पाहणारी कपिला गाय. त्या प्रथमच रडल्या. सून त्यांना गप्प करायला पुढे झाली. मी हातानेच थांबवले. तिच्या काही ध्यानात आले आणि ती शेजारणीकडे गेली. थोड्या वेळाने शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे नेतात तोच हा कडू घास.

"घ्या आत्या," शेजारीण म्हणाली. "गावाच्या नावाचा हाय. याला न्हाई म्हनू नये."

मावशींनी घास घेतला. "मीठ लई झालंय गं," म्हणाल्या, आणि भाकरी संपवली.

एका भाकरीने मन बरे होत नाही. पुढे वर्षभर दर गुरुवारी आम्ही बोलत राहिलो. कधी त्या मागे सरत, कधी माझ्यावरच रुसत. पण त्या उठल्या, क्वार्टरमागे मेथी लावली, सुनेशी भांडूही लागल्या. बोलता बोलता माणूस पुन्हा उभे राहते, हे आता मी बिनदिक्कत सांगते.

त्या वर्षीच्या नाताळात मी शिरूरला गेले. वडील म्हणाले, "आणखी दोन दिवस राहा की."

"नको. उद्या गुरुवार. मावशी वाट पाहतील. घरी जायला हवं."

घरी, हा शब्द ऐकून ते थबकले. मीही थबकले; पण तो मी मागे घेतला नाही.