तुरीची थैली

बाबा उमरखेडच्या बाजारात हमाल होते. सोयाबीनचं पोतं थप्पीला लावलं की मापाऱ्याच्या वहीकडे बघून विचारायचे, "मांडलं काय?" न मांडलेलं पोतं उचललंच नाही असं धरत. त्या पोत्यांवर मी बी.ए. झालो, घरातला पहिलाच.

पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला: मनगटाला हलकं वजन बांधायचं आणि हात वर उचलायचा. मी जिमला जात असे, माझ्या व्यायामाची नोंद मोबाईलमधल्या एका ॲपवर ठेवत असे. त्यातच बाबांचं नाव घातलं. ॲपनं उद्दिष्ट विचारलं. पर्याय दोनच होते, वजन घटवणं किंवा स्नायू वाढवणं. मी दुसरा निवडला. बाबांना मात्र एवढंच हवं होतं की बुद्धपौर्णिमेला विहारात, वंदनेच्या वेळी, दोन्ही हात आपले आपण जोडता यावेत.

मायनं जुन्या लुगड्याची थैली शिवून तीत अर्धा किलो तुरीची डाळ भरली. बाबा खाटेवर बसून हात उचलायचे, घामाघूम व्हायचे.

"मांडलं काय, बाबू?"

"मांडलं."

"दोन जास्तीचे मांड. तुह्या मोबाईलले काय समजते!"

माय चुलीजवळून म्हणायची, "जन्मभर नाही केली चोरी, आता करून राह्यले!"

सुरुवातीला आकडे थोडे वाढले. मग थांबले. खांदा दुखू लागला, बोटं आवळत गेली. माय थैली उसवून मूठभर तूर काढायची आणि वरणाच्या डब्यात टाकायची. आम्ही ती खायचो. ॲप दर वेळी सांगायचं, पुढच्या वेळी वजन वाढवा.

यवतमाळला पुन्हा दाखवलं. "हातात जेवढं बळ यायचं तेवढं आलं," डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी मोबाईल उघडला. ॲपच्या आलेखात माझी रेघ वर चढत होती. त्यांच्या पोत्यांवर पोसलेलं हे अंग, पण त्यातली चिमूटभर ताकद त्यांना परत देता येत नव्हती.

पौर्णिमेपर्यंत थैली रिकामी झाली. मायनं त्यांचा पांढरा सदरा काढून ठेवला होता.

"तुमी जा," बाबा म्हणाले. "मी बसतो घरी."

विहारात सगळ्यांबरोबर माझेही हात जुळले. कसे जुळले, ते कळलंसुद्धा नाही.

आम्ही परतलो तेव्हा बाबा खाटेवरच होते, पण अंगात पांढरा सदरा होता, एकच बाही घातलेली. रिकामी थैली त्यांनी स्वतः मनगटाला बांधली होती, डाव्या हातानं आणि दातांनी. गाठ ओली होती. हात मांडीवर पडून होता.

मी सवयीनं मोबाईल काढला.

"काय मांडतं," ते म्हणाले. "उचललंच नाही."

माय खाली बसली आणि गाठ सोडू लागली.