चारशे बारामध्ये कुणी झोपलंच नाही

माझ्या मावशीने अठ्ठावीस वर्षं हॉटेलात काढली आणि एकदाही पुढच्या दाराने आत गेली नाही. ती खोल्या करायला होती. दिवसाला सोळा खोल्या. दार मागचं, लिफ्ट मागची, जेवण तळघरात. पाहुण्याच्या पलंगावर बसायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा पहिला नियम. गुडघे झिजले, एकाचं ऑपरेशन झालं, तरी ती कधी पलंगाच्या कडेला क्षणभरसुद्धा टेकली नाही. टेकली असती तर कुणाला कळणार होतं? "मला कळलं असतं," ती म्हणते. अशी बाई. तिच्याशी वाद घालून माझी आई थकली, मी तर कालची पोर.

तिचं नाव चांगलं ऐसपैस आहे, माझ्या आजोबांनी हौसेने ठेवलेलं. पाहुण्यांच्या जिभेला जड जाईल म्हणून तिच्या पहिल्या मॅनेजरने छातीवरच्या पट्टीवर त्यातली दोनच अक्षरं ठेवली आणि बाकीची कापून टाकली. त्या दोन अक्षरांनी हाक आली की ती अठ्ठावीस वर्षं 'आले' म्हणत राहिली. मला वाटायचं, याचा राग तिला येत नाही, मलाच येतो. मी किती मूर्ख होते ते पुढे कळलं.

निवृत्त होताना कंपनीने तिला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि आपल्या हॉटेलांचं सदस्य-कार्ड. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. कार्ड तिने जपून ठेवलं.

आता कार्डांच्या बाबतीत मी पंडित आहे. दवाखान्यांना तपासणीची मशीनं विकते, महिन्यातले दहा दिवस परक्या उशांवर जातात. माझ्या पाकिटात तीन कंपन्यांची कार्डं आहेत. कुठे नाश्ता फुकट, कुठे खोली मोठी मिळते, कुठे अकराऐवजी चारला निघता येतं, हे मला झोपेत विचारा. शहरात तीन रात्री जाऊन येऊ असं ठरलं तेव्हा मी मावशीपुढे सगळ्या सवलती मांडल्या. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या कार्डासोबतच्या पत्रकात अगदी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'सलग दुसऱ्या रात्री उशीवर आपल्या नावाचं स्वागतपत्र.'

"मला हे हवंय."

"अगं, तो नुसता कागद असतो. मी उघडूनही बघत नाही."

"तू बघत नाहीस. हजारो पत्रं ठेवलीत मी. लिफाफा उशीच्या बरोबर मध्यावर, नाव वरच्या बाजूला. एकदा माझं असू दे."

मी दोन रात्री तिच्या कंपनीच्या हॉटेलात घेतल्या, तिला कुणी ओळखत नाही अशा शहरात. पहिली रात्र मात्र दुसऱ्या हॉटेलात घेतली, माझे तिथले पॉइंट बाद व्हायला आले होते म्हणून.

पहिल्या हॉटेलात मावशी पाहुणी कमी आणि तपासनीस जास्त होती. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं, पडद्यामागे डोकावली, चादरीचा कोपरा उचलून पाहिला. सकाळी मी फुकटच्या नाश्त्यावर ताव मारत असताना तिने निकाल दिला, "खायला छान. कोपरे आळशी." मी म्हटलं, लोक इथे खायला आणि झोपायला येतात, कोपरे मोजायला नाही. "झोपतात कशावर?" ती म्हणाली आणि माझ्या ताटातला टोस्ट उचलला.

दुपारी तिच्या हॉटेलात पोचलो. पुढच्या दारापाशी ती थांबली, पर्स काखेत घट्ट धरली. दरवानाने सलाम केला. तिने उलट त्यालाच नमस्कार करून विचारलं, "पाय दुखतात का हो दिवसभर?" तो इतका गडबडला की दार धरायचंच विसरला. दार मावशीनेच ढकललं.

घोळ दुसऱ्या दिवशी झाला, आणि तो मावशीच करू जाणे. मी सकाळी अंघोळ करून खाली चहाला गेले, परत आले तर दोन्ही पलंग केलेले. बाथरूम, बेसिन पुसून कोरडं. टॉवेल घडी करून जागेवर. आमची छोटी बॅग कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, जादा ब्लँकेटच्या मागे. केराची पिशवीसुद्धा तिने स्वतः खाली नेऊन रस्त्यावरच्या पेटीत टाकली होती.

"मावशी, आपण पाहुणे आहोत."

"पाहुणे आहोत, गबाळे नाही."

आम्ही शहर बघायला गेलो. तीन वाजता परतलो तर खोलीचं दार उघडेना. खाली काउंटरवर टाय बांधलेला तरुण मॅनेजर होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि गोड हसून सांगितलं, "चारशे बारामध्ये काल कुणी झोपलंच नाही, मॅडम. पलंग वापरलेला नाही, बाथरूम कोरडं, सामान नाही. त्यामुळे खोली बंद झाली आणि कालची रात्र कार्डावर धरली गेली नाही."

म्हणजे आजची रात्र पहिली. म्हणजे पत्र नाही. मावशीच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवेना.

मॅनेजरने खोली लगेच उघडून द्यायची तयारी दाखवली. वर थोडे पॉइंट आणि फळांची परडी.

"तोंडाला पानं पुसू नका," मावशी म्हणाली. "मी काल इथे झोपले. रात्र माझी आहे, ती धरा."

"मग तपासणाऱ्या मुलीची चूक झाली. तिच्या नावावर नोंद करतो."

मावशीचा आवाज चढला. आयुष्यात मी तो चढलेला पहिल्यांदा ऐकला. "तिच्या नावावर एक अक्षर लिहायचं नाही! तिला खोली रिकामी दिसली, तिने रिकामी लिहिली. सोळा सोळा खोल्या उरकायला लावता, मग वरच्या कप्प्यात कधी बघणार ती? खोली मी तशी ठेवली होती."

"मॅडम, पाहुणे खोली अशी ठेवत नाहीत."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? चला वर."

वर दारापाशी ती मुलगी उभी होती. मुलगी कसली, तिशीची बाई, चेहरा उतरलेला. मावशीने पलंगावरचं सगळं एका झटक्यात ओढून खाली टाकलं. मग चादर झटकली. गुडघा कटकन वाजला, तिने लक्ष दिलं नाही. त्या बाईचे हात सवयीने समोरच्या कोपऱ्याकडे गेले. "सोड," मावशी म्हणाली, "परीक्षा माझी आहे." मॅनेजर सुरुवातीला घड्याळ बघत होता, नंतर बघायचा थांबला. चार मिनिटं लागली असतील. त्याने चादरीवरून हात फिरवला. एक सुरकुती सापडेना.

"कुठे शिकलात?"

"तुमच्याच कंपनीत."

रात्र धरली गेली, नोंद कुणावरच झाली नाही. संध्याकाळी आम्ही फिरून आलो तर उशीच्या बरोबर मध्यावर लिफाफा. मावशीने हात धुतले, पुसले, मग तो उचलला. वर दोन अक्षरं होती. पट्टीवरची. कार्ड कामगारांच्या यादीवरून बनवलं होतं ना!

मी म्हटलं, जाऊ दे. ती लिफ्टमध्ये शिरलीसुद्धा होती. मी मागे धावले.

काउंटरवर तिने लिफाफा ठेवला. "ही दोन अक्षरांची बाई तुमच्याकडे कामाला होती. राहायला मी आलेय." आणि शेजारी आपलं ओळखपत्र ठेवलं.

मॅनेजर म्हणाला, कार्डावरचं नाव कॉम्प्युटरमधून बदलायला आठवडा जाईल.

"मग हाताने लिहा. पेन आहे ना?"

मागे रांग लागली होती. एक गृहस्थ खाकरले. मावशी हलली नाही. मॅनेजरने नवा लिफाफा घेतला आणि ओळखपत्र बघत बघत लिहायला लागला. एका ओळीत नाव मावेना, आडनाव खालच्या ओळीवर गेलं. त्याने लिफाफा पुढे केला.

"हातात नको," मावशी म्हणाली. "उशीवर."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मावशी अंथरुणातच, पाठीशी दोन उशा, मांडीवर पत्र. चादर चोळामोळा झालेली, टॉवेल खुर्चीवर लोंबतोय. कार्डावरची चारला निघायची सवलत ती पुरेपूर वसूल करणार होती.

अकराला दारावर टकटक झाली. तीच बाई, हातात चादरी. आम्हाला बघून मागे सरकली.

"ये आत," मावशी म्हणाली. "बस."

"नाही हो, आम्हाला बसता येत नाही."

"माहीत आहे. पाहुणी सांगतेय, बस."

ती पलंगाच्या अगदी कडेला, अर्धं अंग टेकवून बसली. मावशीने टेबलावरचं अभिप्रायाचं कार्ड घेतलं, चष्मा चढवला आणि पेन उघडलं.

"नाव सांग तुझं. पट्टीवरचं नको, पूर्ण."

ती आधी दाराकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं, हळू, वडिलांच्या नावासकट. मावशीने ते लिहून काढलं. एका ओळीत मावेना म्हणून दोन ओळी घेतल्या.

"आता नीट टेकून बस," ती म्हणाली. "चार वाजायला वेळ आहे."