लाल खुणेपर्यंत

टँकरवाल्यांकडं किस्से साचतात ते लाईटीमुळं. पाणी भरायच्या विहिरीवर लाईट जाते, मोटार बंद पडते, गाड्यांची रांग लागते. मग बोलायचं सोडून दुसरं करणार काय? खाली सांगतोय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, पोरांची शपथ. एकही गोष्ट ऐकीव नाही, सगळं या डोळ्यांनी पाहिलंय. फक्त पहिल्या दोन वेळी मी तिथं नव्हतो.

आम्ही तिघं. बापू, लतीफभाई आणि मी. खर्ड्याच्या पुढच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळाभर टँकर चालवतो. यंदा शेटनं, म्हणजे आमच्या ठेकेदारानं, प्रत्येकाला एक मोबाईल दिला. त्यात नकाशाचं ॲप. नकाशावर प्रत्येक वस्तीची लाल खूण आणि आपली गाडी म्हणजे निळा ठिपका. हा ठिपका शेटच्या ऑफिसात दिसतो. ठिपका खुणेला टेकला की खेप धरली. नाही टेकला, तर तुम्ही गावाला आंघोळ घालून आलात तरी खेप झालीच नाही.

मला सेटिंगमधलं लई कळतं, असा समज मीच पसरवला होता. त्यामुळं तिघांचेही फोन माझ्या हातात आले.

आणि माझा नंबर गेला इंदूआत्याच्या हातात. शेंडगेवस्ती हे आमचं शेवटचं टोक. थोडीशी घरं, आटलेली विहीर. तरणी माणसं सुप्याला कारखान्यांत, मागं उरली म्हातारी, लेकुरवाळ्या अन् शेरडं. आमचा टँकर आला नाही तर त्या वस्तीला प्यायला घोटभर पाणी नाही. इंदूआत्याची सून नुकतीच बाळंत झालेली. आत्याचा रोज सकाळी फोन.

"अण्णा, आज येतूय का टँकर? का बाळुत्यं उन्हातच धुवू?"

*

बापूच्या फोनमधली बाई मी मराठीत बोलती केली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "डावीकडे वळा."

"बाई, डावीकडं वढा हाय," बापू म्हणाला.

"डावीकडे वळा."

"अगं, वढा हाय म्हनतो ना."

बाई ऐकेना. बापूनं गाडी कडेला घेतली, सेटिंग उघडलं आणि दिसेल ते बटण बंद केलं. बाई गप झाली. तिच्याबरोबर लोकेशनही गेलं. दिवसभर बापूनं पाणी वाटलं, शेंडगेवस्तीलाही टाकलं. ऑफिसात मात्र तो सकाळपासून विहिरीवरच उभा. संध्याकाळी शेटचा फोन आला तो आम्हाला स्पीकर न लावता ऐकू आला.

बापू म्हणाला, "बाईचं त्वांड बंद करायला गेलो अन् बाप्याचं उघडलं."

*

लतीफभाईच्या फोनमध्ये मी गाडीचा प्रकार निवडायचा विसरलो. तिथं मोटारसायकल होती, ती तशीच राहिली. मोटारसायकलला जवळचा असा एक रस्ता ॲपनं काढला आणि शेंडगेवस्तीला निघालेला भरलेला टँकर दोन निवडुंगाच्या कुंपणांमध्ये जाऊन बसला. पुढं जाईना, मागं येईना. वजन कमी करायला लतीफभाईनं कॉक सोडला.

तिथं कुणाच्याच यादीत नसलेली चार-दोन घरं होती. पाण्याचा आवाज ऐकून माणसं बाहेर आली. हंडे, पातेली, पोराची आंघोळीची परात. एका म्हाताऱ्यानं हेल्मेट भरून नेलं. टाकी निम्मी झाली तशी गाडी निघाली. म्हातारा हेल्मेट सांभाळत केबिनपाशी आला.

"भाई, परत कधी चुकनार?"

लतीफभाई हे सांगताना हसला. मग चहा अर्धाच ठेवून उठला.

गाडी निघता निघता एक्सल गेलं होतं. त्या दिवशी शेंडगेवस्ती तशीच राहिली. इंदूआत्याचा फोन आला. मी उचलला नाही.

*

पुढचा घोळ उन्हाचा. मी तिन्ही फोनला बॅटरी वाचवायचं सेटिंग लावलं, तर ठिपके वाटेतच झोपायला लागले. ते काढलं, तर फोन तव्यासारखे तापून बंद पडायला लागले. बापूनं उपाय काढला. टँकरच्या नळाखाली फडकं भिजवायचं आणि फोनवर घालायचं.

शेंडगेवस्तीत टिपाडं भरत होती. बापू मन लावून फडकं पिळत होता. इंदूआत्या बघत उभी.

"ताप आलाय का रं त्याला?"

"व्हय आत्या. लई तापतोय, बंद पडतोय."

"माझ्या नातवाला बी हाय. त्याला घालतूस का एक?"

बापूनं फोनवरचं फडकं काढून तिला दिलं. पुढच्या वस्तीच्या खुणेच्या थोडं अलीकडं फोन बंद पडला. ती खेप धरली नाही.

*

वैशाखात ऑफिसानं वस्त्यांची नवी यादी फोनमध्ये टाकली. कुठल्या तरी जुन्या नकाशावरून खुणा मारलेल्या. शेंडगेवस्तीची खूण गेली थेट डोंगरावर. आत्याच्या सासऱ्याच्या काळात वस्ती तिथं होती. आता नुसती जोती उरलीत. वर जायला पायवाट, तीही शेरडांनी पाडलेली.

आम्ही पाणी खाली टाकायचो, ठिपका खाली राहायचा, खूण वर. दोन-तीन खेपा अशा गेल्या. शेट म्हणाला, "जिथं खेप धरत नाही तिथं माझी गाडी जाणार नाही. आणखी एक अशी झाली की ती वस्ती बंद."

मी ॲपमध्ये शिरलो. 'बदल सुचवा' असं एक बटण सापडलं. खूण खाली घ्या, वर माणूस नाही, असं लिहिलं. लगेच उत्तर आलं. मी आत्याला वाचून दाखवलं.

"सूचना मिळाली, आभारी आहोत."

"आभार कशाचं?"

"आपण कळवलं त्याचं."

"अन् पानी?"

"ते तपासतायत."

"पान्याला तपासू नगं म्हनावं," आत्या म्हणाली. "गढूळ चालंल आमाला."

*

शेरडाची कल्पना आत्याचीच. तिची शेरडं रोज चरायला त्या जोत्यांवर जायची. म्होरक्या बोकडाच्या गळ्यात माझा फोन बांधला, पिशवीत घालून. बोकड निघाला. बापूची गाडी गॅरेजला होती म्हणून तो माझ्याबरोबर होता. त्याच्या फोनवर आम्ही माझा ठिपका बघत बसलो. चढला, वळला, परत उतरला, एका जागी लई वेळ थांबला.

ऑफिसातून बापूला फोन. "त्या दोन नंबरच्या गाडीचं काय चाललंय?"

"रस्ता शोधतीय, सायेब."

"अहो, ती डोंगरात फिरतेय."

"रस्ता तिकडंच हाय."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "आता ती जिल्ह्याच्या बाहेर गेलीय."

बापूनं डोंगराकडं पाहिलं. "तिकडं पाला बरा हाय, सायेब."

बोकड खुणेला काही टेकला नाही. शेटला मी सांगितलं की स्टेअरिंग नीट नव्हतं. त्यानं आणखी एक संधी दिली. शेवटची.

*

त्या शेवटच्या खेपेला ऊन असं होतं की टँकरच्या पत्र्याला हात लावून मी शिवी दिली. फोन वर कोण नेणार? मी त्याआधी एकदा निघालो होतो, तर पहिल्याच वळणावर छातीला हात लावून खाली बसलो. बापूचा गुडघा तर सपाटीवरही कुरकुरतो. सुनेच्या कडेवर बाळ. बाकीच्या बाया पाईप आणि टिपाडं धरून.

"द्या हिकडं," इंदूआत्या म्हणाली. "तुमी तुमची पोटं सांभाळा."

"आत्याबाई, ऊन उतरू द्या," सून म्हणाली.

"ऊन उतरंस्तवर टँकर थांबनार हाय का? इचार त्याला."

टँकर थांबणार नव्हता. दुसऱ्या वस्तीची खेप होती.

आत्यानं फोन पदराच्या टोकात बांधला. मी तांब्या भरून पुढं केला.

"आल्यावर पिते. आधी टिपाडं भरा, पाईप रिकामा सोडू नगा."

ती गेली. बापू आणि मी टँकरच्या सावलीत त्याचा फोन घेऊन बसलो. ठिपका चढत होता. हळू, पण सरळ. बोकडासारखा नाही.

ऑफिसचा फोन. "गाडी इतकी हळू का?"

"चढ हाय, सायेब."

टिपाडं भरत आली. ठिपका शेवटच्या चढाला लागला. लाल खूण बोटभर अंतरावर. बापू बोटानं अंतर मोजत होता, तेवढ्यात ठिपका थांबला.

आम्ही थांबलो. बापूनं फोन हलवून पाहिला.

पुन्हा ऑफिस. "गाडी थांबलीय का?"

बापूनं माझ्याकडं पाहिलं. "दम खातीय, सायेब."

शेवटचं टिपाड भरलं. सुनेनं झाकण लावलं आणि डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिली.

मग ठिपका हलला. सरकत सरकत खुणेला टेकला. ऑफिसातून फोन आला, खेप धरली, वस्ती चालू. ऊन कललं तशी आत्या खाली आली, फोन माझ्या हातात आपटला, दोन तांबे पाणी घटाघटा प्यायली आणि तोंड पुसत म्हणाली, "वर कुनीबी न्हाई रं. आवाज दिऊन आले."

ठिपका थांबला, तिथवर सगळं खरं आहे. पुढचं मी पदरचं घातलंय.