आक्काची आगटी

आमच्या आक्काच्या घरात कुणी थेट आत गेलेलं मी पाहिलं नाही. पावणा तलाठी असो की व्याही, त्याला आधी अंगणातल्या आगटीपाशी बसावं लागे. तीन दगड, मधे लालभडक निखारे आणि वर बांबूच्या ओल्या काड्यांना टोचलेले झिंगे. शहरातले लोक कोळंबी म्हणतात, तेच. मीठ, हळद, तिखट, ठेचलेला लसूण, बाकी काही नाही. साल लाल होऊन तडतडली की आक्का ते पळसाच्या पानावर काढायची आणि म्हणायची, "सोलून खा. हाताला मेंदी न्हाई लावलेली." जेवण मागाहून, घरात.

आक्का माझी थोरली बहीण. आंबेगावच्या वरच्या अंगाला दिलेली. धरण झालं आणि तिची भातखाचरं पाण्याखाली गेली. नवऱ्यानं हाय खाल्ली, तोही गेला. तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हतं. आक्कानं काठाच्या चढावर आगटी पेटवली, जाळ्यात मिळेल ते भाजून पोरं जगवली, आणि मग त्या आगटीला धरून घर उभं केलं. म्हणून ती म्हणे, "घर मागनं झालं. आगटी आधी व्हती. जो तिथं बसला न्हाई, त्यानं आत कशाला यावं?" कुणी झिंग्यांना नाक मुरडलं की ऐकवायची, "या पाण्यानं माझं रान खाल्लं. आता मी त्याचं खाती. लाज वाटायचीच तर त्याला वाटंल."

नातीला, प्रियांकाला, कळंबकडचं स्थळ आलं. बागाईतदार माणसं. आदल्या दिवशी आक्काचा मुलगा बाळू म्हणाला, "आये, उद्या आगटी नको. वास येतो. खुर्च्या मांडू, पोहे करू."

"कर की पोहे. आत."

थंडीचे दिवस होते. मुलाचे आजोबा तात्या मफलर गुंडाळून आले. सगळ्यांत वडील, म्हणून आक्कानं पहिलं पान त्यांच्यापुढं ठेवलं. आगटीची धग लागली तसा तात्यांनी मफलर सोडला, आणि गळ्यातली तुळशीची माळ दिसली. माळकरी माणसापुढं भाजलेले झिंगे. बाळूला माळ ठाऊक होती. आक्काला सांगितलं असतं तर ती नको ते विचारत बसली असती, म्हणून त्यानं दडवलं होतं.

"आमाला बाटवायला बोलावलं व्हय?" तात्या काठी टेकून उठले. दारात प्रियांका पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी. बाळूनं हात जोडले. "चुकलं, तात्या. आये म्हातारी हाय, तिला कळत न्हाई."

"मला समदं कळतं," आक्का म्हणाली. "तू बोलला न्हाईस, ती चूक तुझी. तात्या, माळ दिसली असती तर हे पान तुमच्यापुढं आलं नसतं. ते मी उचलती. पर आगटी इझवायची न्हाई."

तिनं जळतं लाकूड उचललं, चार हात बाजूला नवा जाळ केला आणि त्यात रताळी पुरली. "ही तुमची येगळी. बसा."

"आन न्हाई बसलो तर?"

"तर आल्या वाटंनं जावा. पोरीला दुसरं घर मिळंल. आमी काय खातो ते तिनं सासरी जन्मभर लपवत बसायचं, हे मला चालायचं न्हाई. आजच बघून घ्या."

मला वाटलं, मोडलं लग्न. तात्यांनी काठी खाली ठेवली. "म्हातारे, रताळं कच्चं तर न्हाई ना काढणार?"

"तुमी दम धरा, मंग न्हाई निघायचं."

तात्या रताळी खाऊन आत गेले. नवरदेव पलीकडच्या आगटीवर बोटं लाल होईपर्यंत झिंगे सोलत होता, एक डोळा आजोबांवर ठेवून. लग्न झालं.

मागल्या साली आक्का गेली. सुतक फिटल्यावर बाळूनं अंगणभर सिमेंटचे ब्लॉक बसवले. मी नको म्हणालो होतो, पण म्हाताऱ्याचं कोण ऐकतं. पुढं काही दिवसांनी तात्या प्रियांकाला माहेरी सोडायला आले. मीही तिथंच होतो.

"या, आत बसा," बाळू म्हणाला.

तात्या अंगणातच थांबले. "आगटी कुठाय?"

"आता ब्लॉक टाकलेत, तात्या. आत गॅसवर च्या ठेवतो की."

"आत कसा येऊ? म्हातारीनं बजावलंय."

बाळू माझ्याकडं वळला. "मामा, तुमी तरी सांगा यांना."

मी भिंतीला टेकलेली पहार घेतली आणि पहिला ब्लॉक उचकटला. बाळू ओरडला, "मामा, आत्ताच बसवलेत ओ." मी दुसरा उचकटला. खालची माती अजून काळीच होती. प्रियांका जाळं बघायला काठाकडं निघाली. तात्यांनी धोतर सावरलं, कुंपणाला पडलेले तीन दगड एकेक करून लोटत आणले आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. रताळी त्यांनी घरूनच आणली होती.