टाकीतले सफाईवाले

समोरच्या खोलीतले काका बोलण्याआधी चष्मा पुसतात. आमच्या परळच्या चाळीत समुद्री माशांची टाकी फक्त त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. माझ्या टाकीत काटेरी किडे फार झाले, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून आईला विचारलं, "वहिनी, माशांना खायला कोण घालतं?"

"जेवायला बसण्याआधी सगळेच. एकेक चिमूट."

"म्हणूनच वाढले. उष्ट्यावर जगतात ते."

किडे अंधारातच बाहेर येतात म्हणून टाकीवर चादर टाकून, नळीत कोलंबीचा तुकडा ठेवून त्यांनी संध्याकाळपर्यंत डबाभर किडे पकडले. मी ते गटारात ओतायला निघालो.

"थांब रे. सफाईवाले आहेत ते. माझ्याकडे नेतो."

काका निघाले तेव्हा ताटं मांडून आई टाकीत चिमूट सोडत होती. त्यांनी चष्मा पुसला आणि डबा उघडला. अर्धे किडे पुन्हा टाकीत सोडून गेले.