म्या पेलो न्हाई

“जीभ बाहेर काढा,” डॉक्टर म्हणाले. “ताणू नका, नुसती सैल ठेवा.”

माझ्या नवऱ्याने जीभ बाहेर काढली. डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं आणि टॉर्च धरला. जिभेच्या कातडीखाली बारीक वळवळ चालली होती. जीभ हलत नव्हती, पण तिच्या आत काहीतरी हलत होतं.

“याला फॅसिक्युलेशन म्हणतात. स्नायूकडे जाणारी नस मरायला लागली की तो असा आपोआप थरथरतो. मॅडम, यांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. यांचं जीभ आणि घशापासून सुरू झालंय.”

“औषध?”

“आजार थोडा हळू करणारी गोळी आहे. बरं करणारी नाही.”

हे ऐकून माझा नवरा हसायला लागला. मोठ्यानं. थांबेचना. मला आधी राग आला. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले आणि त्यांना ओळखून तेही हसायला लागले.

“हसू द्या,” डॉक्टर म्हणाले. “हे त्यांच्या हातात नाही. हाही आजाराचाच भाग आहे.”

माझ्या नवऱ्याला तुमच्यापैकी बरेच जण ओळखत असतील. घरात मी त्यांना ‘अहो’ म्हणते, इथं प्रभाकर लिहिते. लग्नात माईक हातात धरून पाहुण्यांची नावं पुकारणारा मामा त्यांनी टीव्हीवर कितीतरी वर्षं केला. “मंडळी, जेवून जा, पर कसं व्हतं ते घरी सांगू नका!” हे त्यांचं वाक्य पोरंटोरंही म्हणायची. नंतर सिनेमे आले. आमचं गाव बोरी. तिथल्या लग्नांमध्ये लहानपणी त्यांनी असले मामा पाहिले होते आणि ते जसेच्या तसे मुंबईला नेले.

मुंबईत नाव झालं तशी दारूही लागली. शूटिंग संपलं की प्यायचे, मग शूटिंगच्या आधी प्यायला लागले. आमची प्रज्ञा पाचवीत होती तेव्हा मी तिला घेऊन बोरीला परत आले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, बदली मागून घेतली. ते सणावाराला यायचे. दर वेळी ‘सोडली’ म्हणायचे आणि दर वेळी ते खोटं निघायचं. हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढं मी जे केलं ते याच्यामुळं केलं. ही सबब नाही. झालं तसं सांगते आहे.

शेवटी त्यांनी दारू खरंच सोडली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःहून. तीन वर्षं एक थेंब घेतला नव्हता. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माझा विश्वास नव्हता.

परभणीत त्यांचा कार्यक्रम होता. मी आणि प्रज्ञा पुढच्या रांगेत होतो. ते ‘मंडळी’ म्हणाले आणि ‘मंलली’ ऐकू आलं. लोकांना वाटलं, नवीन प्रकार आहे. हशा पिकला. पुढच्या दहा मिनिटांत ड, ळ, र सगळं घसरायला लागलं, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “पेऊन आलाय बे हा!” त्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या फोनवर होता. महिनाभरात त्यांची कामं गेली. ते बॅग घेऊन बोरीला आले.

मी दारातच त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

“म्या पेलो न्हाई, सुनंदा,” ते म्हणाले. तेही नीट म्हणता येत नव्हतं.

मी बॅग उपसली, खिसे पाहिले. काही सापडलं नाही, तेव्हा मला वाटलं, आता लपवायलाही शिकलेत. रोज संध्याकाळी बोलणं जास्त जड व्हायचं. पाणी पिताना ठसका लागायचा. उशी लाळेनं भिजायची. मला सगळ्याला एकच कारण दिसत होतं. मी त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात घातलं.

ते भांडले नाहीत. सही केली आणि आत गेले.

तिथल्या समुपदेशक बाईंनी चौथ्या आठवड्यात मला बोलावून घेतलं. “मॅडम, हे इथं आल्यापासून आमच्या नजरेसमोर आहेत. पहिल्या दिवशीसुद्धा यांच्या अंगात दारू नव्हती. बोलणं मात्र रोज बिघडतंय. यांना मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. उद्याच दाखवा.”

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले असताना मला त्यांचा रागच आला होता. त्यांनी जे सांगितलं ते खरं असेल, तर मी काय केलं होतं?

मग तपासण्या सुरू झाल्या. परभणीला एमआरआय केला, तो चांगला आला. मी पेढे घ्यायला निघाले होते. तिथल्या डॉक्टरांनी थांबवलं आणि संभाजीनगरला पाठवलं. तुम्हाला कधी ही वेळ आली तर लक्षात ठेवा, या आजारात एमआरआय चांगला येऊ शकतो.

वाटेत देवगाव फाट्यावर चहाला उतरलो. हॉटेलवाल्यानं ओळखलं. “मामा, ते मंडळीवालं म्हना की एकदा!” चार माणसं जमली. प्रभाकर उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आवाज निघाला, शब्द निघाला नाही. नुकताच घेतलेला चहाचा घोट नाकातून बाहेर आला. ती माणसं हळूहळू पांगली. हॉटेलवाला म्हणाला, “सकाळी सकाळी कशाला ओ बाई पेऊ देता?” मी चहाचे पैसे दिले. पंधरा दिवसांपूर्वी मीही हेच म्हणत होते.

संभाजीनगरला ईएमजी झाली. स्नायूत सुई खुपसून त्याची वीज मोजतात. मशीनमधून तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. हात, पाय, पाठ आणि शेवटी जीभ. जिभेत सुई गेली तेव्हा त्यांनी माझा हात धरला नाही, टेबलाची कड धरली. त्याच दुपारी डॉक्टरांनी निदान सांगितलं.

“आवाज थोडाफार आहे तोवर रेकॉर्ड करून ठेवा,” ते म्हणाले. “पुढं मशीनवरून त्यांच्याच आवाजात बोलता येतं. सहा महिन्यांपूर्वी आला असता तर जास्त चांगला मिळाला असता.”

ते सहा महिने मी वास घेण्यात घालवले.

परत आल्यावर रेकॉर्ड करण्याइतकं बोलणं उरलंच नव्हतं, म्हणून मी त्यांना पाटी दिली. पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम्ही केंद्रात जायला तयार कसे झालात? भांडलात का नाही?”

त्यांनी लिहिलं, ‘लय वर्षं खोटं बोललो. आता खरं सांगून तुला कसं पटल? तिथं राहिलो तर तुला दिसंल म्हनलं.’

मी माफी मागितली. त्यांनी पाटी पुसली. माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही.

गोळी चालू झाली, पण आजार पुढं सरकतच गेला. पाण्यात घट्ट करायची पावडर मिसळावी लागली, कारण पातळ पाणी सरळ श्वासनळीत जायचं. भाकरी बंद झाली, मग भातही. न्यूमोनिया होऊन परभणीला दहा दिवस काढले. शेवटी पोटाला भोक पाडून नळी बसवली. तिला पेग म्हणतात. अन्न तोंडातून न जाता थेट जठरात जातं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, नळीला घाबरून उशीर करू नका. आम्ही केला. माणूस वाळून गेल्यावर नळी बसवली, तर गेलेलं वजन परत येत नाही.

त्या दहा दिवसांतली गोष्ट. एक्स-रेच्या बाहेर मी आणि प्रज्ञा बाकावर बसलो होतो, प्रभाकर व्हीलचेअरमध्ये. शेजारी एक म्हातारबाबा मोबाईलवर काहीतरी बघत खुदुखुदु हसत होते. आवाज प्रभाकरांचा होता. लग्नातला मामा. बाबांनी आमच्याकडे बघून म्हटलंसुद्धा, “लय भारी हाय हा गडी.” व्हीलचेअरमधल्या माणसाला त्यांनी ओळखलं नाही. प्रज्ञा सांगायला उठली. प्रभाकरनी तिच्या ओढणीचा पदर धरून तिला खाली बसवलं. तो भाग संपेपर्यंत ते ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

हसण्याचं पुढचं सांगायचं राहिलं. डॉक्टर त्याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. मनात काही असो, चेहरा स्वतःच हसतो किंवा रडतो. त्यांचे थोरले भाऊ वारले. विहारात वंदना चालली होती, सगळे हात जोडून बसले होते, आणि प्रभाकर हसायला लागले. पूर्वी लोक त्यांना बघून हसायचे तसंच, पोट धरून. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या.

“न्या त्यांना बाहीर! माझा मानूस गेलाय, आन तुमी हसायलाव?”

मी व्हीलचेअर बाहेर ढकलत नेली. विहाराच्या भिंतीशी ते हसतच होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मांडीवरच्या पाटीवर त्यांनी वेडंवाकडं लिहिलं, ‘मला रडायचंय.’

मी ती पाटी आत जाऊन जाऊबाईंना दाखवली. त्यांनी वाचली आणि तोंड फिरवलं. अजून त्या आमच्याकडे आलेल्या नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं?

आता प्रभाकरांचे पाय गेले आहेत. उजव्या हाताचं एक बोट चालतं, त्यानं मोबाईलवर एकेक अक्षर दाबतात. झोपताना तोंडाला श्वासाचं मशीन असतं. डॉक्टर आता तारखा देत नाहीत, “काही वाटलं तर फोन करा” म्हणतात. त्याचा अर्थ मला कळतो.

गेल्या महिन्यात सेलूकडची शोभा नावाची एक बाई मला शोधत शाळेत आली. तिला कुणीतरी आमचं सांगितलं होतं. “ताई, मालकाची जीभ जड झालीय. पितात, ते खरंय. समदे म्हनतात दारूच हाय. पर आठ दिस झालं, म्या कोंडून ठिवलंय, तरी तसंच हाय.”

मी रजा टाकून त्या दोघांसोबत परभणीला गेले. डॉक्टरांनी त्या माणसाला छताकडे एकटक बघायला लावलं. मिनिटभरात त्याच्या पापण्या आपोआप खाली आल्या. पुढच्या तपासण्यांनंतर नाव सांगितलं, मायस्थेनिया. यात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही.

“याला औषध आहे,” डॉक्टर म्हणाले. “नेमानं घेतलं तर शेतात कामाला जातील.”

शोभानं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण खरं लिहायचं तर त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. इतका, की परतीच्या एसटीत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तोच त्रास, तीच दारू, तोच संशय. तिला औषध आणि आम्हाला नळी, असं का?

घरी आल्यावर मी प्रभाकरना सगळं सांगितलं. हेवा वाटला तेही सांगितलं. त्यांच्याशी आता मी काही लपवत नाही. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दमले. थोड्या वेळानं बोट हलायला लागलं. एकेक अक्षर उमटायला फार वेळ लागला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत उभी होते.

‘बेस झालं. फोन लाव तिला. गोळी चुकवू नको म्हनावं.’

मी फोन लावला.