एलिसा ऐकत नव्हती, बघत होती

“दोन्ही कानांकडून प्रतिसाद नाही,” बेराचा रिपोर्ट पुढे सरकवत डॉक्टर म्हणाल्या. बेरा म्हणजे मूल झोपलेलं असताना कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत काय पोचतं ते बघणारी तपासणी. माझी दोन वर्षांची एलिसा माझ्या मांडीवर अजून झोपलेलीच होती.

गावी, नंदाखालला, घरात सगळे म्हणायचे, बोलेल उशिरा, तिचा बापही उशिराच बोलला. मी बालवाडीत शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांचं चटकन कळतं. हिचं कळलं नाही.

श्रवणयंत्रं लावली. विरारच्या थेरपिस्टने खेळ शिकवला: आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा. रोज दुपारी मी तिच्यासमोर बसून डब्यातले वाल खुळखुळवायची, करवंट्या वाजवायची. सहा महिन्यांनी तिने ठोकळा टाकला. पुन्हा वाजवलं, पुन्हा टाकला. सासूबाई चर्चमध्ये मेणबत्ती लावून आल्या.

विरारला गेल्यावर मी कौतुकाने हे दाखवलं. थेरपिस्टने मला एलिसाच्या पाठीमागे बसवलं. “आता वाजवा.”

वाजवलं. जोरात वाजवलं. एलिसा ठोकळा धरून भिंतीकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून मला शोधलं, माझा हात हलताना दिसला आणि लगेच ठोकळा टाकला.

“पोरगी हुशार आहे, टीचर,” थेरपिस्ट हळूच म्हणाली. “पण ती तुम्हाला बघून टाकते.”

मग एमआरआय झाला. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत बसवायचं यंत्र, एवढीच आशा उरली होती. डॉक्टर म्हणाल्या, “आवाज मेंदूकडे नेणारी नसच दोन्ही बाजूंना दिसत नाही. इम्प्लांट बसवून उपयोग नाही.”

“मुंबईत मोठ्या डॉक्टरांना दाखवलं तर?” नवऱ्याने विचारलं.

“जरूर दाखवा.”

दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं.

मला पाठीमागे बसवणाऱ्या त्या थेरपिस्ट मुलीची मी ऋणी आहे. नाहीतर अजून वाजवत बसले असते. तुमच्यावर ही वेळ आली तर खेळ जरूर खेळा, पण कधी मुलाच्या मागे बसूनही वाजवा. आणि खुणांची भाषा शेवटी शिकू म्हणून ठेवू नका. मी ठेवली.

आता एलिसा साडेचार वर्षांची आहे. कर्णबधिर मुलांच्या शाळेतून रोज नव्या खुणा शिकून येते. माझे हात मागे पडतात. परवा ती बराच वेळ मला काहीतरी सांगत होती. मला कळेना. शेवटी ती थांबली, माझा गाल थोपटला आणि अंगणात निघून गेली.